क्रिप्टो लायब्ररी माझ्याकडे बिल्ड होते, तिकडे फुटते : कुठून तपासायचं आणि कुठे हात काढून घ्यायचा

क्रिप्टो म्हणजे इथे बिटकॉइन नाही, सही आणि कुलूपबंदीचा कोड, आणि बिल्ड म्हणजे त्या कोडवरून चालणारा प्रोग्राम बनवणं. लक्षणं आधी सांगतो, तुमचं दुखणं हेच आहे का बघा, नसेल तर उगाच पुढचं वाचत बसू नका.

तुमच्या लॅपटॉपवर बिल्ड झकास, टेस्ट सगळ्या पास, आणि तोच कोड दुसऱ्याच्या मशीनवर टाकला की पहिल्याच मिनिटाला "ओपनएसएसएल सापडलं नाही" (सगळीकडे वापरली जाणारी तयार क्रिप्टो लायब्ररी ती). किंवा सापडतं, कंपाईल पण होतं, आणि लिंक करताना, म्हणजे कंपाईल झालेले तुकडे जोडताना, "अनरिझॉल्व्ह्ड एक्सटर्नल सिम्बॉल"ची हातभर लांब माळ लागते. किंवा लिंक पण होतं पण चालवायला गेलं की "लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३ उघडता येत नाही". किंवा तुमच्याकडे सगळं चालतं आणि गिऱ्हाईकाच्या जुन्या पीसीवर "इललीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून प्रोग्राम जागेवर आडवा. आणि सगळ्यात खराब प्रकार म्हणजे एरर बिरर काहीच नाही, पण विंडोजवर केलेली सही लिनक्सवर पडताळली की नापास.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. कोणीतरी दोन तास डोकं लावून दुरुस्त करतो, सगळे चहा पितात, आणि महिन्याभराने नवीन मशीन आलं की तेच परत.

थोडं आमचं सांगतो म्हणजे उदाहरणं कळतील. आम्ही जळगावात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो, जिनिंगवाले आहेत, दाल मिलवाले आहेत, रावेर-सावद्याकडचे केळीचे काटे आहेत. वजनाच्या पावतीवर डिजिटल सही टाकतो, म्हणजे गाडी काट्यावरून उतरल्यावर कोणी आकडा बदलला तर पडताळणीत कळतं. त्या सहीसाठी सी मधली एक छोटी लायब्ररी आहे आणि ती चार ठिकाणी चालावी लागते: काट्यावरचा विंडोज पीसी (हे पीसी इतके जुने की कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली), ऑफिसातला लिनक्स सर्व्हर, व्यापाऱ्याचा अँड्रॉइड फोन, आणि आमच्या पार्टनरचा मॅक, तो त्याने घेतलाच आहे म्हणून. बिल्ड फुटलं की फोन मला येतो, "काय व्हयनं भो, होत नाही ना हे". इतक्या वेळा हे दुरुस्त केल्यावर माझं मत असं बनलंय की क्रिप्टोच्या गणितात जवळपास कधीच काही बिघडलेलं नसतं. मशीनवर एकाच नावाच्या दोन गोष्टी असतात आणि बिल्ड चुकीची उचलतं. स्टँडवर "ओ पाटील" म्हणून हाक मारली की पाच जण वळून बघतात, तसं. तुम्हाला पाहिजे तो पाटील वळला का एवढंच तपासायचं असतं.

आता तपासणी. फुकटातली आधी, अवघड नंतर.

सगळ्यात पहिलं पीसीचं घड्याळ बघा. हसू नका. आमच्याकडे लाईट जाते-येते, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असतो, आणि लाईट आली की तारीख एकदम जुन्या सालात जाते. मग दोन गोष्टी होतात. गिटने (कोड साठवायचं-आणायचं टूल) कोड ओढायला गेलात तर सर्टिफिकेटची एरर येते, कारण मशीनच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, आणि माणूस समजतो की नेटमध्ये किंवा ओपनएसएसएलमध्ये लफडं आहे. दुसरं म्हणजे मेक हे बिल्ड चालवणारं टूल फक्त फाईलच्या वेळा बघून ठरवतं की काय परत कंपाईल करायचं, वेळ मागे गेली की ते अर्ध्या फाईली जुन्याच ठेवतं आणि "क्लॉक स्क्यू डिटेक्टेड" अशी एकच ओळ मध्येच टाकून पुढे जातं, ती कोणी वाचत नाही. अर्धं जुनं अर्धं नवं असं बिल्ड झालं की ते कसंही वागतं. सीआर२०३२ सेल गोलाणी मार्केटात कुठेही मिळतो, पहिला खर्च तेवढाच.

मग पहिली एरर वाचा, शेवटची नाही. सगळे जण स्क्रीनवर खाली जे लाल दिसतं त्याचा फोटो पाठवतात. पण खालची एरर ही वरच्या एररची पोरं-नातवंडं असतात. मेकला समांतर कामाचा आकडा १ करून परत चालवा, म्हणजे एकाच वेळी आठ फाईलींची बडबड एकमेकांत मिसळणार नाही, आणि सगळं एका फाईलीत घ्या, मग वरून खाली पहिली खरी एरर शोधा.

बिल्डचा फोल्डर उडवा. साफ करा म्हणजे "क्लीन" नाही, आख्खा फोल्डर डिलीट. कारण सीमेक (मशीनवर काय कुठे आहे ते शोधून बिल्डची तयारी करणारं टूल) एकदा शोधलेली गोष्ट कॅशमध्ये लिहून ठेवतं आणि नंतर तुम्ही ओपनएसएसएल काढा, दुसरीकडे टाका, व्हर्जन बदला, ते जुन्याच पत्त्यावर जात राहतं. "क्लीन" ने ऑब्जेक्ट फाईली जातात, ही कॅश जात नाही. सीमेक ३.२४ पासून पुढे "फ्रेश" नावाचा पर्याय आहे, तो कॅश टाकून पहिल्यापासून सुरू करतो. आणि कोडच्याच फोल्डरात बिल्ड करत असाल तर ते आजपासून बंद करा, कारण मग कोणती फाईल लिहिलेली आणि कोणती तयार झालेली हेच कळत नाही.

ह्याच ओघात फोल्डरचा पत्ता पण बघा. नावात स्पेस असेल, "न्यू फोल्डर (२)" असेल, किंवा विंडोजला युजरचं नाव मराठीत टाकलेलं असेल, तर जुन्या मेकफाईली तिथे पडतात. मराठीचा मला अभिमान आहे पण बिल्डचा फोल्डर मी सी ड्राइव्हच्या मुळाशी तीन अक्षरी ठेवतो. तेवढ्याने विंडोजच्या २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेचा त्रास पण वाचतो.

पुढचं थोडं नीट वाचा, कारण ह्यात माझे लई दिवस गेलेत. लाईन एंडिंग, म्हणजे ओळ संपल्याची न दिसणारी खूण. विंडोजवर गिट इन्स्टॉल करताना जो पर्याय आधीच टिक केलेला असतो त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं कॅरेज रिटर्न बसतं. मग तोच फोल्डर पेनड्राइव्हने लिनक्सवर नेला की शेल स्क्रिप्ट "बॅड इंटरप्रिटर" म्हणते. हे निदान दिसतं तरी. न दिसणारं म्हणजे टेस्ट व्हेक्टरच्या फाईली, त्यांत ठरलेला मजकूर आणि त्याचं बरोबर उत्तर असतं. हॅश (मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) हा बाईटचा असतो, एक बाईट वाढला की सगळा आकडा बदलतो, आणि टेस्ट नापास झाली की माणूस अल्गोरिदममध्ये चूक शोधत बसतो. ह्यावर माझी एक घरगुती युक्ती आहे: "एबीसी" ह्या तीन छोट्या इंग्रजी अक्षरांचा शा-२५६ हॅश काढा. तो "बीए७८१६बीएफ" ने सुरू व्हायला पाहिजे. जर "ईडीईएएएफएफ३" ने सुरू झाला तर तुमचा कोड बरोबर आहे, फक्त शेवटी एक न्यूलाइन चिकटलीय. आणि तिसरंच काहीतरी आलं तर मग मात्र खरंच काळजी करा. कायमचा उपाय म्हणजे रेपोमध्ये गिट ॲट्रिब्युट्सची फाईल टाकायची, स्क्रिप्टना सक्तीने लिनक्सवाली लाईन एंडिंग, आणि टेस्ट व्हेक्टरना "हात लावू नको, बायनरी समज".

सही जुळत नाही ह्या लक्षणात आमच्याकडे अजून एक गंमत निघाली ती मराठीवाल्यांनाच कळेल. पावतीवर कुठे जाणार म्हणून "बऱ्हाणपूर" लिहिलेलं असलं की सही नापास, आणि भुसावळ, चाळीसगाव, धुळे सगळे पास. चार दिवस आम्ही बिल्ड उलटंपालटं केलं, कंपायलर बदलला. शेवटी बाईट छापून बघितले तर निघालं की "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये दोन पद्धतीने लिहिता येतं, एक सरळ त्याचा स्वतःचा कोड आणि दुसरं म्हणजे साधा "र" अधिक खालचा नुक्ता. स्क्रीनवर डिट्टो सारखं दिसतं, बाईट वेगळे. काट्यावरच्या कीबोर्डने एक दिलं, आणि सर्व्हरवरच्या प्रोग्रामने पडताळणीच्या आधी दुसऱ्यात बदललं. बिल्डचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. तेव्हापासून आम्ही सही करायच्या आधी मजकूर एनएफसी ह्या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणतो आणि मधे कोणाला बदलू देत नाही.

आता ते पाटलांचं. मशीनवर कोण कोण आहे ते विचारा. लिनक्स-मॅकवर "व्हिच मायनस ए", विंडोजवर "व्हेअर", आणि पुढे नाव: परल, ओपनएसएसएल, सीमेक, कंपायलर. एकापेक्षा जास्त ओळी आल्या की तिथेच थांबून विचार करा. सगळ्यात जास्त पाहिलेला प्रकार विंडोजवर परल ह्या स्क्रिप्टच्या भाषेचा. ओपनएसएसएलची कॉन्फिगर स्क्रिप्ट परलमध्ये आहे, ती व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरसाठी चालवायची तर विंडोजचं परल लागतं, पण गिट बॅशसोबत त्याचं स्वतःचं युनिक्स छापाचं परल येतं आणि पाथमध्ये (मशीन प्रोग्राम शोधायला ज्या क्रमाने फोल्डर बघतं ती यादी) ते पुढे बसलेलं असतं. मग "हे परल विंडोजसारखे पाथ देत नाही" अशा अर्थाची एरर येते. लोक ती वाचून परल परत इन्स्टॉल करतात, परत तेच, कारण इन्स्टॉल केलेलं मागे आणि गिटवालं पुढेच. स्ट्रॉबेरी परल (विंडोजचं परल) पाथमध्ये पुढे आणा, झालं. तिथेच नॅझम पण पाथमध्ये आहे का बघून घ्या, असेंब्लीसाठी (प्रोसेसरच्या थेट सूचनांतला वेगवान कोड) ते लागतं.

स्ट्रॉबेरी परलमध्ये पण एक मेख आहे बरं का. ते आपल्यासोबत स्वतःचं जीसीसी (दुसरा कंपायलर) पण घेऊन येतं, आणि काही वेळा सीमेक व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर सोडून तेच उचलतं. म्हणजे एक पाटील बाहेर काढला आणि दुसरा घरात घेतला. म्हणून सीमेक सुरुवातीला "कंपायलर आयडेंटिफिकेशन" म्हणून जी ओळ छापतं ती मी दरवेळी वाचतो, सवयच लागलीय.

मॅकवर प्रकार वेगळा. ॲपलने १०.११ पासून ओपनएसएसएलच्या हेडर फाईली देणं बंद केलं, त्यामुळे सगळे होमब्रूवरून (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं टूल) घेतात. इंटेल मॅकवर होमब्रू "यूएसआर लोकल"मध्ये बसतं, नवीन एम चिपवाल्यांवर "ऑप्ट होमब्रू"मध्ये. जुन्या मॅकवरून सगळं उचलून नव्यावर आणलं असेल तर दोन्ही असतात, आणि इंटेलची लायब्ररी एआरएम प्रोग्रामला लिंक करायला गेलं की "आर्किटेक्चर एआरएम६४ साठी सिम्बॉल नाहीत". आमच्या पार्टनरच्या मॅकवर अगदी हेच होतं आणि तो मला म्हणून राहिला होता की तुझी लायब्ररी मॅकला चालत नाही. सीमेकला "ओपनएसएसएल रूट डीआयआर" देऊन पत्ता स्पष्ट सांगा, आणि तरी भरवसा नसेल तर सीमेक ३.१७ पासून "डीबग फाइंड" आहे, ते कुठे कुठे शोधलं ते सगळं छापतं.

विंडोजवर ३२ आणि ६४ चा घोळ पण ह्यातच. व्हिज्युअल स्टुडिओ दोन-चार प्रकारच्या काळ्या खिडक्या देतं, चुकीची उघडली की "मशीन टाईप जुळत नाही". स्टार्ट मेनूतून "एक्स६४ नेटिव्ह टूल्स" नाव वाचून उघडा, एवढंच. आणि "रनटाइम लायब्ररी मिसमॅच" आलं तर एक जण एमडी ने आणि दुसरा एमटी ने कंपाईल झालाय (सी ची रनटाइम लायब्ररी बाहेरून घ्यायची का आत भरायची ते सांगणारे फ्लॅग), दोघांना एक करा.

लिंकची माळ लागली आणि तिच्यात "बीक्रिप्ट जेन रँडम" असं नाव दिसलं तर घाबरू नका, ती विंडोजची स्वतःची रँडम आकडे देणारी सोय आहे, बीक्रिप्ट लायब्ररी लिंकमध्ये जोडायची राहिलीय. ओपनएसएसएल स्टॅटिक (प्रोग्रामच्या आतच भरून) घेत असाल तर डब्ल्यूएस२_३२ आणि क्रिप्ट३२ पण लागतात. जीसीसीवाल्यांनी क्रम बघा, आधी लिबएसएसएल मग लिबक्रिप्टो, उलटं केलं की माळ.

लिनक्सवर "उघडता येत नाही" आलं तर आधी एलडीडी लावून बघा कोणती लायब्ररी कुठून मागतंय. स्वतः बिल्ड केलेलं ओपनएसएसएल ३ हे ६४ बिटवर "लिब" मध्ये न जाता "लिब६४" मध्ये जातं, आणि उबुंटू तिकडे बघतच नाही. कॉन्फिगर करतानाच लिबडीआयआर "लिब" द्या, मग लायब्ररींची यादी ताजी करायला एलडीकॉन्फिग चालवा. आणि "जीलिबसी २.३४ सापडलं नाही" (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आलं तर उलटी गोष्ट आहे, तुम्ही नव्यावर बनवून जुन्यावर नेताय. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ वर २.३१. नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेल ह्याची खात्री नसते, जुन्यावर बनवलेलं नव्यावर बहुतेक चालतं. त्यामुळे गिऱ्हाईकाकडे जे सगळ्यात जुनं असेल त्यावर बिल्ड करायचं.

इललीगल इन्स्ट्रक्शन. कोणीतरी "जास्त फास्ट होईल" म्हणून "मार्च नेटिव्ह" फ्लॅग टाकलेला असतो (महिन्याचा काही संबंध नाही, मशीन आर्किटेक्चरचं ते लघुरूप). त्याचा अर्थ "ज्या मशीनवर बिल्ड होतंय त्याच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर". तुमच्या नव्या लॅपटॉपला एव्हीएक्स२ येतं, ते इंटेलने २०१३ मध्ये आणलं, काट्यावरच्या पीसीचा जन्म त्याआधीचा. ओपनएसएसएल स्वतः चालताना प्रोसेसरला विचारून घेतं आणि त्याप्रमाणे कोड निवडतं, त्याच्यावर हा फ्लॅग लादायची गरजच नाही. काढून टाका. एका जिनिंगवर ऐन सीझनला हा प्रकार झाला होता, कापसाच्या गाड्यांची रांग रोडपर्यंत, आणि शेठ माझ्या मागे उभे. तो फ्लॅग मीच टाकला होता हे मी तेव्हा सांगितलं नाही.

अजून शंका राहिली तर निदानासाठी "नो एएसएम" ने बिल्ड करून बघा. म्हणजे असेंब्ली बंद, नुसतं सी. त्याने चाललं आणि असेंब्लीने नाही, तर गडबड असेंब्लर किंवा टार्गेटच्या निवडीत आहे. दोन्हीने नाही, तर असेंब्लीचा नाद सोडा. पण हे निदानापुरतं हां, तसंच गिऱ्हाईकाला देऊ नका, हळू तर चालतंच, शिवाय एईएससारख्या कुलूपबंदीच्या पद्धतींत नुसत्या सी कोडला लागणारा वेळ किल्लीप्रमाणे थोडा बदलू शकतो आणि त्यावरून किल्लीचा अंदाज काढणारे हल्ले असतात.

अँड्रॉइडवर एकच सांगतो, जुन्या ब्लॉगांत "स्टँडअलोन टूलचेन बनवा" लिहिलेलं असतं ते एनडीके (अँड्रॉइडसाठी सी कोड बिल्ड करायचा संच) आर१९ पासून लागत नाही, एनडीकेच्या टूलचेनचा बिन फोल्डर पाथमध्ये घ्या आणि ओपनएसएसएलला एनडीकेचा रूट सांगा. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरला अँड्रॉइड १५ साठीच्या ॲपमध्ये १६ केबी पेज साईझचा (मेमरीच्या तुकड्याचं माप) सपोर्ट लागतो, एनडीके आर२८ घेतलं की ते आपोआप होतं.

इथपर्यंत येऊन पण दरवेळी वेगळ्याच फाईलीवर बिल्ड पडत असेल, म्हणजे एकदा इथे एकदा तिथे, तर कोड सोडा, मशीन बघा. "किल्ड" लिहून आलं तर रॅम संपली, समांतर कामं कमी करा. "इंटर्नल कंपायलर एरर" आलं आणि परत चालवल्यावर गेलं तर रॅम खराब आहे नाहीतर मशीन तापतंय. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या वर, पत्र्याच्या केबिनमध्ये पीसी, पंख्यात कापसाचं फूल अडकलेलं, त्यात तुम्ही सगळे कोर लावून कंपाईल करताय. उबुंटूवरचं जीसीसी तर काही वेळा स्वतःच लिहितं की हा बग परत आणता येत नाही, म्हणजे बहुतेक हार्डवेअरचा आहे. एक रात्र मेमटेस्ट लावा. त्यात एक जरी एरर दिसली तरी हार्डवेअरवाल्याकडे न्या. आणि त्या मशीनवर किल्ल्या बनवल्या असतील तर त्या टाकून द्या, रॅम बाईट बदलत असेल तर किल्लीचा कोणता बाईट बदलला हे कोण सांगणार.

हे सगळं झालं तात्पुरतं. परत परत येणारं दुखणं थांबवायचं तर बिल्ड सिस्टिमच बारीक करावी लागते, आणि हे सगळ्यात अवघड, कारण चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा असतो. आमच्याकडे एकेकाळी ऑटोटूल्स होतं, शेजारी सीमेक, व्हिज्युअल स्टुडिओची प्रोजेक्ट फाईल वेगळी, आणि अँड्रॉइडसाठी कोणीतरी हाताने लिहिलेली मेकफाईल. नवीन फाईल आली की चार ठिकाणी नाव टाकायचं आणि एक ठिकाण विसरायचं. हे आपलंच नाही, ओपनएसएसएलचं पण असंच होतं, विंडोजसाठी मेकफाईल बनवायची वेगळी स्क्रिप्ट आणि युनिक्सचं वेगळं. ऑगस्ट २०१६ च्या १.१.० मध्ये त्यांनी सगळं एकाच माहितीवरून निघेल असं केलं, प्रत्येक फोल्डरात एक "बिल्ड डॉट इन्फो" फाईल आणि त्यावरून हरेक प्लॅटफॉर्मची मेकफाईल.

आम्ही काय केलं तर प्रश्न कमी केले. कॉन्फिगर म्हणजे शेवटी काय, मशीनला विचारलेले प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला चुकीचं उत्तर मिळू शकतं. एंडियन कोणतं, म्हणजे मशीन आकड्याचे बाईट कोणत्या टोकाकडून मांडतं, हा प्रश्न होता. तो काढून टाकला, बाईट एकेक उचलून शिफ्ट करून आकडा बनवायचा, मग मशीन कोणतंही असो. ह्याचा दुसरा फायदा म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करताना प्रोग्राम चालवून बघणारे चेक तसेही चालत नाहीत, कारण फोनचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालणार कसा. फाईलींची यादी स्टार लावून न घेता हाताने लिहिली, म्हणजे कोणाची "फायनल कॉपी २ डॉट सी" आपोआप आत शिरत नाही. एक सीमेक फाईल ठेवली, बाकी तीन सिस्टिम उडवल्या. हेडरमध्ये विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, मॅक अशा चारच पायऱ्या, आणि शेवटी "बाकी काही असेल तर बिल्ड थांबव".

ते "थांबव" महत्त्वाचं. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये "गेटरँडम आहे का" असा चेक होता. खरे रँडम आकडे मागायचा हा कॉल लिनक्स कर्नल ३.१७ मध्ये आला आणि जीलिबसीने त्याचं फंक्शन २.२५ मध्ये, म्हणजे २०१७ ला दिलं. चेक नापास झाला तर स्क्रिप्ट काही न बोलता घड्याळावरून रँडम आकडे बनवायची. बिल्ड हिरवं, टेस्ट पास, आणि किल्ली अशी की कोणीही अंदाज लावेल. हा कोड कोणी लिहिला होता ते मी शोधलं नाही, भीती वाटली माझंच नाव निघेल म्हणून. नापास होणारा चेक गप्प बसला की काय होतं ह्याचं मोठं उदाहरण मार्च २०२४ चं एक्सझेड ह्या फाईल दाबणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण. तिथला मुख्य बॅकडोअर (चोरदरवाजा) बिल्डच्या स्क्रिप्टमधून आणि टेस्टच्या फाईलींमधून आत आणला होता, व्हर्जन ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, आणि सापडला कसा तर एसएसएच (दुरून मशीनवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद हळू का म्हणून एक जण खोदत गेला. पण त्याच प्रोजेक्टच्या सीमेक फाईलीत अजून एक गोष्ट निघाली: लँडलॉक नावाची सुरक्षा मशीनवर आहे का हे तपासणाऱ्या छोट्या कोडमध्ये एक सुटा टिंब घुसवला होता. एक टिंब. त्यामुळे तो तपासणीचा कोड कधी कंपाईलच व्हायचा नाही, चेक नेहमी "नाही" म्हणायचा आणि सुरक्षा गुपचूप बंद. हजार ओळींच्या कॉन्फिगरमध्ये तो टिंब कोणाला दिसणार?

शेवटी आम्ही अजून एक पाऊल टाकलं, काट्यावरच्या प्रोग्राममधून ओपनएसएसएलच काढलं. आम्हाला तिथे फक्त ईडी२५५१९ सही लागते, त्यासाठी एवढा बाडबिस्तरा कशाला. मोनोसायफर नावाची लायब्ररी आहे, मुख्य कोड एक सी फाईल आणि एक हेडर, ती आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकली की झालं, शोधाशोध नाही. सर्व्हरवर ओपनएसएसएल आहेच, १.१.१ पासून त्याला ही सही कळते. फक्त एक खड्डा दाखवून ठेवतो, मी त्यात पडलोय: मोनोसायफरचं नेहमीचं सहीचं फंक्शन आतून ब्लेक२बी हॅश वापरतं, आणि सगळ्या जगाचं ईडी२५५१९ शा-५१२ वापरतं. त्यामुळे सर्व्हर प्रत्येक सही नापास करतो. त्यांनी ईडी२५५१९ साठी वेगळी जोड फाईल दिलीय, ती घ्या आणि तिच्यातलंच फंक्शन वापरा. ज्यांना टीएलएस (नेटवरचं सुरक्षित कनेक्शन) पाहिजे त्यांनी मात्र ओपनएसएसएल सोडायच्या फंदात पडू नका.

आता कुठे थांबायचं.

टेस्ट व्हेक्टर नापास होताहेत, लाईन एंडिंग तपासली, रॅम तपासली, आणि ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद केलं की पास होताहेत, तर थांबा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून माल पाठवणं हा उपाय नाही. एकतर कोडमध्ये सी भाषेचा नियम मोडलाय किंवा कंपायलरचा बग आहे, आणि दोन्ही ओळखायला त्या लायब्ररीचा माणूस लागतो. तसंच एलटीओसारखे (लिंक करताना परत ऑप्टिमायझेशन करणारे) भारी फ्लॅग लावायचे असतील तर आधी विचारा, कारण किल्ली वापरून झाल्यावर मेमरी पुसणारी ओळ कंपायलरला फालतू वाटून तो उडवू शकतो, आणि टेस्टमध्ये ते दिसत नाही.

वॉर्निंग जावी म्हणून क्रिप्टोच्या आतली एखादी ओळ काढायची इच्छा झाली तर कीबोर्डवरून हात उचला. डेबियन ह्या लिनक्समध्ये २००६ साली मेमरी तपासणाऱ्या टूलची तक्रार बंद व्हावी म्हणून ओपनएसएसएलच्या रँडमवाल्या भागातली ओळ काढली होती. वॉर्निंग गेली. रँडममध्ये उरला फक्त प्रोसेसचा नंबर, म्हणजे ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये उघड झालं, तोपर्यंत त्या मशीनवर बनलेल्या एसएसएचच्या किल्ल्या सगळ्या बाद. काढणारा माणूस काही अडाणी नव्हता, त्याने आधी विचारलं पण होतं, फक्त ती ओळ काय करतेय हे कोणी नीट बघितलं नाही.

आणि गेटरँडमसारखी गप्प पडझड तुमच्याकडे आधीच गिऱ्हाईकापर्यंत गेली असेल तर ते बिल्डचं दुखणं राहिलं नाही. त्या काळात बनलेल्या किल्ल्या बदलाव्या लागतात, आधीच्या सह्या कोणत्या धरायच्या हे ठरवावं लागतं, हे सिक्युरिटीचं काम करणाऱ्या माणसाला पैसे देऊन करून घ्या. आम्ही दिले. त्या वर्षी ऑफिसला एसी बसला नाही.

लायब्ररीवाल्यांना किंवा त्या माणसाला लिहिताना लायब्ररीचं व्हर्जन, कंपायलरचं व्हर्जन, टार्गेट, कॉन्फिगरला दिलेली पूर्ण कमांड आणि पहिली एरर असलेली लॉगची फाईल पाठवा. किल्ली चुकून सुद्धा नको. आणि लॉग म्हणजे टेक्स्ट फाईल, मोबाईलने तिरपा काढलेला स्क्रीनचा फोटो नाही, त्यात पंख्याची सावली आणि तुमचं बोट एवढंच नीट दिसतं.